मध्यस्थ

नवराबायकोचं भांडण एकटीनं सोडवायची शिकाऊ समाजसेविका वच्छलाची ही पहिलीच वेळ. मंगलीला कायमचं माहेरी न्यायला तिचा भाऊ बाहेर थांबला होता. परक्यांसमोर नवराबायको थेट बोलत नसत.

"त्याले सांगा, पोरगी तापानं फणफणत होती."

वच्छलानं मंगलीच्या नवऱ्याला, लच्छूला, सांगितलं.

"तिले सांगा, ठेकेदारानं सुट्टी नाई देली."

तेही तिनं पोचवलं.

मागे बसलेल्या रुखमाबाई, तिच्या शिक्षिका, पुटपुटल्या, "डाकवाली झालीस का गं?"

वच्छला ओशाळून दोघांच्या मधून बाजूला सरकली. लच्छू उठून दाराकडे निघाला. वच्छलानं त्याला थांबवलं नाही.

"मंग निरोप तरी धाडाचा होता!" मंगली थेट त्याच्यावर ओरडली. "रातभर वाट पाहून राह्यली होती ना मी!"

लच्छू वळला आणि तिच्यासमोर येऊन बसला.