धाकट्याचं कौतुक

आक्काच्या नाकावर राग कायमचाच, पण त्या दिवशी तो घरी ठेवून निघायचं असं तिने ठरवलं होतं. वकिलापुढे आवाज चढवून चालत नाही, असं तिला अख्ख्या गल्लीने बजावलं होतं. बजावणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात वकिलाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, ते सोडा.

मागून भावजय चालत होती, पांढरीफटक आणि गप्प. तिचा नवरा म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ. पावाच्या कारखान्यात पीठ मळायच्या मशीनवर होता. गेल्या महिन्यात त्याची बाही मशीनमध्ये अडकली आणि मशीन थांबलं नाही. एवढंच. एवढ्याशा बोलण्यात चांगला धडधाकट माणूस संपला.

कारखान्याचा साहेब दोनदा घरी येऊन गेला. चेहरा पाडून बसला, चहा प्यायला आणि जाताना एक कागद ठेवून गेला. अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, कंपनी निव्वळ माणुसकीपोटी मदत देत आहे, आणि घरच्यांची यापुढे काहीही तक्रार नाही, असं त्यात लिहिलेलं. उद्या संध्याकाळी तो सही घ्यायला येणार होता. घरात मिळवतं माणूस उरलं नव्हतं, मुलगी अजून रांगत होती. भावजय सही करून मोकळी होणार हे आक्काला स्वच्छ दिसत होतं. म्हणजे जे काय करायचं ते आजच.

"निष्काळजी म्हणे," आक्का वाटभर पुटपुटत होती. "त्याच्याइतकं डोकं लावून काम करणारा एक तरी होता का तिथे? दाखवा म्हणावं."

पहिल्या वकिलाचं ऑफिस चकचकीत होतं, काचेच्या दाराचं. वकीलही भला वाटला. मान हलवत होता, लिहून घेत होता. आक्काला वाटलं, जमलं.

"मशीनला झाकण नव्हतं का?" त्याने विचारलं.

"होतं की. जाळीचं. ते उघडलं की मशीन आपोआप थांबतं."

"मग त्या दिवशी का थांबलं नाही?"

इतका वेळ आवळलेला आक्काचा चेहरा इथे खुलला. "तीच तर गंमत आहे. दर वेळी झाकण उघडायचं, मशीन थांबणार, पीठ टाकायचं, मग पुन्हा सुरू करायचं. दिवस त्यातच जायचा. आमच्या धाकट्याने काय केलं, लाकडाची एक एवढीशी पाचर तासली. झाकणाखाली बटण असतं ना, त्यात ती ठोकून दिली. मशीनला वाटतं झाकण लावलेलंच आहे. चालू मशीनमध्ये वरून पीठ टाकत राहायचं. काम निम्म्या वेळात. अख्ख्या कारखान्यात कुणाला सुचलं नव्हतं हो ते."

वकिलाने पेनाला टोपण लावलं. बघतो, कळवतो, म्हणाला. नंबर मात्र विचारला नाही.

दुसरा वकील तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. आक्का धापा टाकत चढली, धापा टाकतच सगळं सांगितलं, आणि पाचरीपाशी आल्यावर पुन्हा तिचा आवाज गोड झाला. या वकिलाने आडपडदा ठेवला नाही.

"बाई, ही केस उभीच राहणार नाही. त्याने स्वतःच्या हाताने—"

"माझ्या भावाला नावं ठेवायचं काम नाही," आक्का म्हणाली. राग घरी ठेवला होता तो जिने चढून वर आला. "तुमच्याकडे मदत मागायला आलोय, त्याची उणीदुणी ऐकायला नाही." आणि भावजयीच्या दंडाला धरून ती तरातरा खाली उतरली.

रस्त्यावर आल्यावर भावजय हळूच म्हणाली, "आक्का, पुढच्या ठिकाणी पाचरीचं सांगायचं नाही का?"

"का म्हणून? चोरी केली का त्याने?"

आता आक्काला समजावणार कोण? आई गेली तेव्हा धाकटा पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होता. शिलाई मशीनवर पाय मारून मारून हिने त्याला वाढवलं. त्याने घड्याळ खोललं की आक्काने चार घरी सांगायचं, बिघडलेला पंखा लावून दिला की आठ घरी. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना मापाआधी धाकट्याची हुशारी ऐकावी लागायची. त्याच्याबद्दल वाकडा शब्द तिने उभ्या आयुष्यात खपवून घेतला नव्हता, आणि आता तर तो स्वतःची बाजू मांडायलाही उरला नव्हता.

दुपार कलली तरी दोघींच्या पोटात काही नव्हतं. उद्याची संध्याकाळ अंगावर धावून येत होती, आणि शहरातले वकील काही तिच्यासाठी ताटकळत बसले नव्हते. शेवटी एका झेरॉक्सच्या दुकानदाराने अंगठ्याने वर दाखवलं. "वर एक बाई बसतात. फटकळ आहेत, पण कामाच्या आहेत."

वकीलबाई डबा खात होत्या. "बसा. खाताना मला ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

आक्काने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. पाचरीसकट सांगितलं, उलट आणखी ठासून. बाई चावत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही पाचर मालकांना माहीत होती?"

"माहीत होती काय विचारता? बक्षीस दिलं त्यांनी. वार्षिक सभेत नाव पुकारून स्टेजवर बोलावलं. मोठ्या साहेबाने पाठ थोपटली आणि माइकवर सांगितलं, बाकीच्या मशीननाही अशाच पाचरी करून दे."

बाईंचा घास हातातच राहिला. "हे तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"पहिल्या रांगेत होते मी. ही बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, म्हणून मी गेले."

"कारखान्यातलं दुसरं कुणी सांगेल?"

"कोण सांगतंय? नोकऱ्या आहेत त्यांना."

बाईंनी डबा बंद केला, हात धुतले, खुर्ची पुढे ओढली. "केस आहे. चांगली आहे. अडचण एकच आहे, ती म्हणजे तुम्ही."

"मी?" आक्का म्हणाली.

"तुम्ही हे कौतुकाने सांगता. कोर्टात असं सांगितलंत तर त्यांचा वकील म्हणेल, बघा, घरच्यांनाही यात काही वावगं वाटत नाही, मग आम्हालाच दोष का? पाचर मारणं चूक होतं, असं तुम्हाला तुमच्या तोंडाने म्हणावं लागेल. त्याने मारली ती त्याची चूक. ती उपटून फेकायची सोडून त्यांनी बक्षीस दिलं, ती त्यांची कितीतरी मोठी चूक. पण पहिलं म्हटल्याशिवाय दुसरं म्हणता येणार नाही."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली. "चल गं. सगळे एका माळेचे मणी."

भावजय उठली नाही.

"चल म्हणते ना."

"मी नाही येत, आक्का." भावजय बोलत राहिली. "मी ह्यांना म्हणाले होते, मला भीती वाटते त्या पाचरीची. हे हसले. म्हणाले, आक्काला विचार, तिला किती अभिमान आहे. घरात इतकं कौतुक चालायचं, की मीच वेडी ठरले असते. म्हणून गप्प बसले." तिने डोळे पुसले. "काल ह्यांचे मित्र आले होते, तुम्ही दुकानात गेला होतात. म्हणाले, मशीन धुऊन पुन्हा चालू केलंय. नवा माणूस ठेवलाय. पाचर तीच आहे."

आक्का दाराशी उभी होती. धाकट्याने ती पाचर घरीच तासली होती, हिच्याच शिवणाच्या टेबलावर बसून, आणि हिने त्याला सोबत म्हणून दिवा धरला होता. कोण कुठला नवा माणूस, आज तोही त्या उघड्या तोंडाशी बाही घेऊन उभा असेल. ती परत येऊन खुर्चीत बसली.

"विचारा," ती म्हणाली.

वकीलबाईंनी आवाज बदलला. आता त्या कारखान्याच्या बाजूने बोलत होत्या, आणि चांगल्याच कडक बोलत होत्या. "तुमच्या भावाने मशीनचं झाकण निकामी केलं. खरं की खोटं?"

"खरं."

"ती त्याची चूक होती?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारलेले सगळे जबाब आक्काच्या जिभेवर आले आणि तिने ते एकेक करून गिळले.

"हो."

"काय हो? नीट सांगा."

"चुकला माझा भाऊ." तिला रडू फुटलं, पण थांबली नाही. "तो चुकला, आणि तुमच्या साहेबाने त्याला भरसभेत शाबासकी दिली. सगळ्या मशीनना अशाच पाचरी करून दे म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं."

एवढं झाल्यावर सुटलो, असं आक्काला वाटलं. पण बाई थांबल्या नाहीत.

"ऐकलंत ना? मग तुम्ही साहेबांना अडवलंत? भावाला घरी येऊन चार शब्द सुनावलेत? पहिल्या रांगेत बसून तुम्ही काय केलंत?"

हे विचारतील असं आक्काच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने भावजयीकडे पाहिलं. भावजय खाली बघत होती.

"टाळ्या वाजवल्या," आक्का म्हणाली. "सगळ्यांत जास्त मीच वाजवल्या."

वकीलबाईंचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "हा प्रश्न येणारच. उत्तर हेच द्यायचं, एक शब्दही बदलायचा नाही." त्यांनी वकीलपत्र भावजयीपुढे सरकवलं. "उद्या साहेब आले की त्यांना म्हणावं, आमच्या वकिलांशी बोला." भावजयीने सही केली.

आक्काने मनगटाने तोंड पुसलं. "किती वेळा सांगावं लागेल हे मला?"

"ते विचारतील तितक्या वेळा. आणि दर वेळी असंच, जोरात."

आक्काने टाळ्या वाजवलेले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मग पहिल्यापासून विचारा," ती म्हणाली.