नाकावर बसलेली काच

मी पाणबुड्याचा चष्मा बोलतोय. काळ्या रबराचा, जाड काचेचा, डोळ्यांबरोबर नाकही झाकणारा. पाण्यात उतरताना माझ्यावर वाफ धरू नये म्हणून लोक आधी माझ्या काचेवर थुंकतात. तेव्हा माणसांबद्दल माझं मत फार चांगलं असेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

तैवानच्या कारखान्यात बनलो आणि मालवणच्या किनाऱ्यावर आलो. तिथे समुद्राच्या उबदार पाण्यात, पंचवीस-तीस फूट खोल, मासेमारीची एक बुडालेली बोट आहे. ती बघायला पर्यटक येतात. जगाला माणसांचे डोळे बाहेरून दिसतात, मला आतून. वर फुशारक्या मारणारे डोळे पाण्याखाली कसे होतात, ते मला विचारा.

२००६ च्या फेब्रुवारीत जालन्यातल्या एका बियाणे कंपनीनं आपल्या दुकानदारांना सहलीला आणलं. त्यात परतूरचे बद्रीनाथभाऊ होते. सोबत पत्नी पुष्पाबाई. भाऊंनी मला हातात घेतलं आणि थुंकले. थुंकी गुटख्याची, लाल. तिथल्या पाणबुड्यानं मला तीनदा धुतलं.

भाऊ नावेतून पाण्यात उतरले. चार सेकंद. मी मोजले. मग डोळे गरागरा फिरले आणि गडी नावेची कड धरून ओरडायला लागला, "काढा! मरून राह्यलो मी!" वर ओढल्यावर ते नावेत ओकत बसले.

पुष्पाबाई म्हणाल्या, "द्या इकडं. मी जाते."

"येडी झाली का तू? बायामाणसाचं काम हाय का ते?"

"मी माहेरी, मंठ्याकडच्या विहिरीत पोहायला शिकले. तुम्हाला तर पोहताबी येत न्हाई."

कुणाच्या तरी लेकीचा पंजाबी ड्रेस घालून त्या उतरल्या. तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर मी. पाणबुड्यानं दंड धरला होता. खाली बोट कुशीवर पडलेली. तिच्या मागच्या पंख्यात जाळं गुंतलेलं, केबिनच्या खिडकीतून पिवळ्या माशांची ये-जा. फळीला अडकलेला एक स्टोव्ह होता आणि त्याच्या बर्नरपाशी खेकडा बसला होता. पुष्पाबाई त्या स्टोव्हकडे बघत राहिल्या आणि हसल्या. हसल्यावर गालाला घड्या पडतात, मी नीट बसत नाही, आत पाणी शिरतं. शिरलं. पण बाई घाबरली नाही. पाणबुड्यानं खुणेनं सांगितलं तसं नाकानं जोरात फुंकून तिनं पाणी बाहेर काढलं. तेवढे एक डोळे मला आवडले होते.

परतताना भाऊंनी मला गुपचूप पिशवीत टाकलं. आठवण म्हणून, म्हणे. चोरीला माणसांनी किती गोड नावं दिलीत!

परतूरच्या दुकानात कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांशेजारी काचेच्या कपाटात मी बसलो. गिऱ्हाईक आलं की भाऊ सुरू. "चाळीस फूट खाली गेल्तो. बोटीत घुसलो." महिन्यात चाळीसाचे साठ झाले, दिवाळीपर्यंत एक शार्क आला. मागे पुष्पाबाई पाकिटं लावत असायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मी गेल्ते ना?" भाऊ हळूच म्हणाले, "घरातली गोष्ट घरात. लोकं हसतेल मला." त्या पुन्हा पाकिटं लावू लागल्या. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या वर्षी गणपतीत मंडळानं भाऊंचं भाषण ठेवलं, 'समुद्राच्या तळाशी'. शाल, नारळ, हार. मी टेबलावर. भाऊंनी शार्कला लाथ मारल्यावर टाळ्या पडल्या. मग पुढे बसलेले म्हातारे आबाराव उठले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बद्रीभाऊ, हे तर नाकावर गच्च बसतंय. मंग दम कुठून घेता?"

भाऊ हसले. "नाकानंच की आबा. ह्याच्यातच हवा भरेल असती."

"नाकानं न्हाई, तोंडानं." बायकांच्या रांगेतून आवाज आला. पुष्पाबाई उभ्या होत्या. "नाक बंद असतंय. तोंडात नळी असती."

"खाली बस! तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कोणाला? मी गेल्ते खाली. तुम्ही नावेत ओकत बसल्ते."

आबाराव वळले. "मंग खाली काय व्हतं, बाई?"

पुष्पाबाईंनी सांगितलं. जाळं, मासे, खेकड्याचा स्टोव्ह. शार्क नव्हता, हेही सांगितलं. आधी आवाज कापत होता, नंतर नाही. भाऊ शाल घडी करत राहिले.

आठ दिवस भाऊ दुकानात आले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्या मंडळींना समुद्रात मीच धाडलं. हिंमत मीच दिली." असला प्राणी समुद्रातही नाही.

पुष्पाबाईंनी मला कपाटातून काढलं. "हे ज्याचं त्याला देऊन येते. नणंदबाईबी येतेत."

"चोरलं म्हणून कळंल ना तिथं!"

"कळू द्या."

त्या नणंदेसोबत मालवणच्या गाडीत बसल्या. पाणबुड्याला त्यांनी मला परत दिलं, सरळ सांगितलं, "आमच्या मालकांनी नेल्तं." आणि मलाच घालून पुन्हा खाली गेल्या. या खेपेला दंड धरावा लागला नाही.

तेव्हापासून मी इथे आहे, एका टोपलीत, वीस भावंडांबरोबर. रबर कडक झालंय, काचेला चरा पडलाय. रोज नवे चेहरे येतात, थुंकतात, चार सेकंदांत वर पळतात आणि फोनवर सांगतात, "पार तळाला जाऊन आलो." ऐकून मला तुमची कीव येत नाही, किळस येते.

तुम्हीही याल. या. गुटखा टाकून, चूळ भरून या. भीती वाटली तर लाजू नका, भित्रे डोळे मी हजारो पाहिलेत. खाली मात्र जरा जास्त वेळ थांबा. तिथे तुमच्या तोंडात नळी असते, तेवढा वेळ तरी तुम्हाला खोटं बोलता येत नाही.