लिलीच्या पानांवरचा चिकटा

टिकलीनं लिलीचं पान धरलं आणि तिचं बोट पानालाच चिकटलं. सोडवलं तर बोटावर गोंदासारखी चमक.

"आत्या! पानांवर पॉलिश बसलंय!"

त्या घरात कुणाच्याही तोंडी हाच शब्द आला असता. टिकलीचे बाबा लाकडाला पॉलिश करायचे. अंगणाच्या एका कडेला त्यांची पत्र्याची शेड, दुसऱ्या कडेला आत्याच्या लिली. दाराची कडी चिकट लागली तरी पॉलिश, वहीची पानं चिकटली तरी पॉलिशच.

आत्या धावत आली. कळ्या आत्ता कुठे फुगू लागल्या होत्या. तिनं पानं चाचपली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बापू, बाहेर ये!" तिनं शेडकडे बघून धाकट्या भावाला, टिकलीच्या बाबांना, हाक मारली. "फवारा मारताना दार लावत जा, असं कानीकपाळी ओरडत होते ना मी? बस झालं. तुझी शेड आता या अंगणात नको."

बाबांच्या हातातला ब्रश जागच्या जागी थबकला. शेड गेली तर काम करायचं कुठं? "ताई, दार बंदच असतं गं."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"पॉलिश असेल तर थिनरनं निघेल. थांब, पुसूनच देतो." आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी थिनरचा बोळा एका पानावरून फिरवला. चिकटपणा गेला. दुपारी मात्र ते पान शिजवल्यासारखं लुळं पडलं, कडांनी करपलं.

"हे मी केलं?" बाबांनी करपलेली कड बोटानं चाचपली. मग त्यांनी शेजारच्या पानावर बोट टेकवून पाहिलं. "पण ताई, माझं पॉलिश वाळलं की खडखडीत होतं. हे सकाळपासून तसंच ओलं आहे."

हवेत किती धूळ आहे ते पाहायला बाबा काम सुरू करण्याआधी काचेचा तुकडा ठेवून बघत. संध्याकाळी त्यांनी असे दोन तुकडे ठेवले: एक शेडच्या दाराशी, एक लिलीच्या पानांखाली. शेडला कुलूप घालून किल्ली आत्याच्या हातात दिली.

सकाळी दाराजवळची काच लख्ख होती. लिलीखालच्या काचेवर बारीक थेंबच थेंब.

"कुलूप तर होतं!" टिकली ओरडली.

आत्यानं काच उचलून उजेडात धरली. तिनं जन्मभर लहान मुलांना शिकवलं होतं, उत्तर आयतं द्यायची तिला सवय नव्हती. "मग हे कुठून पडलं असेल?"

"वरून. पानांवरून."

"पानाला काय वरचीच बाजू असते, टिकले?"

टिकलीनं पान उलटलं आणि किंचाळून सोडून दिलं. पानाची पाठ हिरव्या, मऊ, मोहरीएवढ्या किड्यांनी खच्चून भरली होती. मुंग्या त्यांच्या अंगावरून खुशाल ये-जा करत होत्या.

"मावा!" आत्यानं ते पान पुन्हा उलटून धरलं. "हा पानाचा रस पितो. रसातली जास्तीची साखर मागून थेंबथेंब टाकतो. त्या साखरेसाठी मुंग्या त्याची राखण करतात."

"म्हणजे ही त्यांची शी?"

काल टिकलीनं बोट चाटून पाहिलं होतं. गोड लागलं होतं. ती बातमी तिनं तिथल्या तिथं गिळून टाकली.

"पण इतका माजला कसा?" आत्या पुटपुटली. "दरवर्षी ढालकिडे येऊन त्याचा फडशा पाडतात."

"मला माहितेय कुणामुळे!" टिकली घरात पळाली आणि साबणाच्या पाण्याची बरणी घेऊन आली. आत काळे, काटेरी, लांबोडके किडे तरंगत होते. "हे बघ ते दुष्ट! यांनीच पळवले असतील ढालकिडे. तुला कळू न देता रोज देठांवरून वेचत होते मी."

आत्यानं घरातून भिंग आणलं. तिनं ते टिकलीच्या हातात दिलं आणि देठाकडे बोट केलं. तिथं तसलाच एक काटेरी किडा उरला होता. त्यानं एक मावा जबड्यात उचलला आणि बघता बघता शोषून टाकला.

"हा... कोण आहे?"

"ढालकिड्याचं पिल्लू."

टिकलीचा हात आपोआप केसांकडे गेला. तिच्या चापावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा प्लास्टिकचा ढालकिडा होता. "पण ते तर गोल असतात! लाल असतात!"

"मोठेपणी, बाळा."

टिकलीनं बरणी पाठीमागे लपवली. ती बाबांनी हळूच काढून घेतली. "मी पान जाळलं, तू पिल्लं बुडवलीस," ते म्हणाले. "दोघांनीही न विचारता मदत केली."

"आणि मी न बघता तुझी शेड हलवायला निघाले होते," असं म्हणत आत्यानं किल्ली भावाच्या तळहातावर ठेवली. "घे, काम खोळंबलं असेल तुझं."

मग तिघंही कामाला लागली. बाबांनी नळीच्या पाण्यानं पानांच्या पाठी धुतल्या. जो मावा पाण्यानंही गेला नाही त्याच्यावर आत्यानं अगदी पातळ साबणाचं पाणी ऊन उतरल्यावर फवारलं. मुंग्यांची वाट बंद करायला कुंपणाला टेकलेली पानं दोऱ्यानं बांधून आत घेतली.

"आत्या, पिल्लाच्या देठावर नको!" टिकली दोन्ही हातांनी देठ झाकून उभी होती. "पाणीही नको, साबणही नको."

"तिथला मावा राहील ना मग?"

"राहू दे," टिकली म्हणाली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. "तो त्याचा आहे."