ओसाड माळाचं वीजबिल

पाचवीला मी समाजशास्त्र शिकवते, म्हणजे गणिताच्या सरांचा भाग मागे पडला नसेल तर शिकवते. आठवड्याला तीन तास, त्यातला एक सर हक्कानं नेतात आणि वर म्हणतात, "इतिहास काय, पळून जातोय का?" उरलेल्या दोन तासांत मी मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेते: कोणी काही सांगितलं की पुरावा मागा. सहावीपासून नुसत्या पाठांतरावर भागत नाही. ती सहावी यंदा मला शिकवायला हवी होती. बारा वर्षं पाचवीतच काढली होती. "आधी प्रदर्शन नीट पार पडू दे, मग बघू," असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या.

प्रदर्शनाचा विषय होता 'आपली शाळा'. शाळेच्या दारात पाटी आहे: 'ओसाड माळावर संस्थापकांनी हे विद्यामंदिर उभारले.' वर्गात जिला सगळे वकीलबाई म्हणतात, त्या मुलीनं तक्त्यावर हे वाक्य लिहिलं आणि खाली आजीच्या नावाचं जुनं वीजबिल चिकटवलं. पत्ता याच जागेचा, तारीख शाळेच्या दोन वर्षं आधीची. त्याखाली प्रश्न: 'ओसाड माळावर विजेचं बिल कुणाला आलं?'

मी पोट धरून हसले. इतका आनंद मला या नोकरीत क्वचितच झाला असेल.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. उद्घाटनाला अध्यक्ष येणार होते, आणि अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. "सहावी हवीय ना तुम्हाला? मग हा तक्ता काढा. मी सांगितलं म्हणून नको हं, तुमच्या पद्धतीनं काढा."

माझा हात त्यांच्या दगडाखाली होता. मी वर्गात गेले.

"एका कागदावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. "दुसरा पुरावा कुठाय?"

"आजी आहे ना, बाई. तिला इथून उठवलं तेव्हा बाबा तान्हे होते."

"घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत."

"मग अध्यक्षांची कशी धरायची? तेसुद्धा संस्थापकांच्या घरचेच ना?"

वर्ग खो खो हसला. मी ओरडले, "तोंड वर करून बोलू नकोस!" हे वाक्य मी आयुष्यात वर्गात वापरलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, पण मी ते मागे घेतलं नाही.

तिनं नखानं बिल सोडवलं. मी नवा कागद दिला आणि ओसाड माळाचं चित्र काढायला सांगितलं.

"गवत दाखवू का, बाई?"

"थोडं दाखव."

अध्यक्ष नेमके त्याच चित्रापाशी थांबले. पहिला नंबर दिला. सहावीचं पत्र मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे माझ्या हातात ठेवलं.

दुपारी वकीलबाईची आजी आली. चष्मा पुसत एकेक तक्ता बघत माझ्यापर्यंत पोचली. "बाई, माझं बिल कुठं लावलंय हो?"

मी शेजारच्या तक्त्याच्या टाचण्या नीट करायला लागले. नातीनंच तिचा हात धरला आणि चित्रापाशी नेलं.

"हे कुठलं गं?"

"हीच जागा, आजी. शाळेच्या आधीची," ती धडा म्हणून दाखवावा तशी म्हणाली. "तेव्हा इथं कोणीच राहत नव्हतं."