वल्लरीच्या बोटाचं माप

पिस्तुलाचा नवा चाप देवस्थळींनी पहिल्याच दुपारी बसवला होता. मुलीला मात्र फोनवर सांगितलं, "अजून थोडं काम आहे गं." जन्मभर खोटं न बोललेला माणूस म्हातारपणी बोलायला लागला की कुणाला शंकाही येत नाही.

नरेंद्र देवस्थळी म्हणजे कारखान्यातल्या टूलरूममधला, अचूक सुटे भाग घडवणारा माणूस. पुण्यात शिकले, टेक्सासात रिटायर झाले. बायको, शोभनाताई, गेल्यापासून प्लेनोच्या त्या अवाढव्य घरात एकटेच. घर विकायचं म्हटलं की चिडायचे, आणि एकट्यानं त्यात राहायचं कसं हेही त्यांना उमगत नव्हतं. मुलगी वल्लरी जवळच फ्रिस्कोला राहायची. पण जवळ म्हणजे काय, जायला निमित्त नसेल तर जवळचं घरही परगावच.

मग निमित्त मिळालं. वल्लरी घरं विकायचं काम करायची. रिकामी घरं अनोळखी लोकांना एकटीनं दाखवायची. वसंतात एका गिऱ्हाइकानं आत येऊन दार लॉक केलं आणि नुसता हसत उभा राहिला. ती मागच्या दारानं पळाली. त्यानंतर तिनं नेमबाजीचा क्लास लावला आणि पर्समध्ये मावेल असं छोटं पिस्तूल घेतलं. पण तिचे हात आईसारखे, लहानखुरे. बोट चापापर्यंत कसंबसं पोचायचं आणि दाबताना पिस्तूलच कलायचं. क्लासमधली बाई म्हणाली, चाप बदलून घे. दुकानात न जाता ती बापाकडे आली.

"बाबा, यू कॅन डू धिस, राइट? ट्रिगर थोडा जवळ यायला हवा. आणि इतका हार्ड नको."

"बघू. बोट दाखव."

देवस्थळींनी व्हर्निअर काढला आणि तिचं बोट पेर न् पेर मोजलं. मोजून झालं तरी हात सोडला नाही. शोभनाताईंना निरोप दिला त्या दिवसानंतर मुलीचा हात त्यांनी धरलाच नव्हता. ती "बाबा?" म्हणाली तेव्हा कुठे सोडला.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. कधी स्प्रिंग चुकीची आलेली असायची, कधी पिन घट्ट बसत नसायची. कारणं काय, शोधली की सापडतात. ती गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून चहा प्यायची, विचित्र गिऱ्हाइकांच्या नकला करायची. देवस्थळी पोट धरून हसायचे आणि रिकाम्या पिस्तुलाला उगीचच तेल लावायचे. ती गेली की मात्र जीव टांगणीला लागायचा. तिच्या पर्समध्ये आता काही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मिरचीचा स्प्रे तरी आहे, असं स्वतःला समजवायचे. स्वार्थ हा असा असतो.

खंडेनवमीला तिचा फोन आला. "बाबा, झालं का?"

"आज हत्यारं पूजेला मांडलीत. आज हलवायची नसतात. उद्या जेवायला ये, घेऊन जा."

हे मात्र खरं होतं. वर्कबेंचवर लाल कापड, त्यावर मायक्रोमीटर, व्हर्निअर, कानशी, आणि शेवटी ते पिस्तूल. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. उद्या पिस्तूल द्यायचं आणि खरं काय तेही सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

दसऱ्याला ती आली. इथे आपटा कुठला! शोभनाताई परसातल्या रेडबडच्या झाडाची, आपट्यासारखी दिसणारी पानं तोडायच्या, तशीच तिनंही तोडून आणली होती. "सोनं घे, बाबा," म्हणून वाकली. देवस्थळींनी पानं दोन्ही हातांत घेतली. पुऱ्या करपल्या होत्या, तरी तिनं श्रीखंडाबरोबर सगळ्या खाल्ल्या.

"वल्लरी, ते पिस्तूल केव्हाच झालंय. पहिल्याच दिवशी."

"आय नो, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"तू मायक्रॉनमध्ये काम करायचास. एका ट्रिगरला इतके दिवस?" ती हसली. मग हसू गेलं. "मी दुसरं घेतलं. लास्ट मंथ. त्या दार लॉक करणाऱ्या माणसानंच वेगळ्या नावानं अपॉइंटमेंट घेतली होती. ड्राइव्हवेमध्ये त्याचा ट्रक दिसला, म्हणून मी थांबलेच नाही. तशीच निघून आले."

देवस्थळींच्या हातातली वाटी तशीच राहिली. "अगं, मग मागितलं का नाहीस? ओरडायचंस माझ्यावर!"

"तू इतका खूश असायचास रविवारी."

देवस्थळींनी वाटी खाली ठेवली. मग बापानं विचारलं, "आणि नव्याचा चाप? तो बघू का?"

"नको रे, परफेक्ट आहे. नाऊ दे मेक देम फॉर स्मॉल हँड्स." निघताना तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते जुनं तुझ्याकडेच ठेव. एकटा असतोस ना."

"रविवारी येशील?"

"आय'ल ट्राय, बाबा. हल्ली घरांची खूप शोइंग्ज असतात."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी देवस्थळी दारात उभे होते. मग गॅरेजमध्ये आले. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि चापावर बोट ठेवलं. त्यांचं जाड बोट तिथे अवघडून बसलं, धड दाबताही येईना. माप अगदी अचूक होतं, वल्लरीच्या बोटाचं.

पिस्तूल त्यांनी परत लाल कापडावर ठेवलं. उत्तरपूजा राहिली होती. त्यांनी अक्षता घेतल्या, हत्यारांवर वाहिल्या, एकेक हत्यार जरासं हलवलं. आणि दरवर्षी पुटपुटायचे ते शब्द, उघड्या दाराकडे बघत, या वेळी मोठ्यानं म्हणाले, "पुनरागमनाय च."