पंचेचाळीस आणि बाराशे

यशोधनच्या मुलीनं, अंतरानं, आखलेला बेत एका पानाचा होता. चार दिवसांच्या चार ओळी: कुठून कुठे, अंतर, चढ, निघायची वेळ, जेवणाची जागा. पहिली ओळ अशी होती: हिलो ते व्होल्कॅनो गाव, ४५, १२००, सकाळी साडेसहा, जेवण २२ वर.

यशोधननं तो कागद सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या घरी जेवणाच्या टेबलावर दोनदा वाचला, खाली सही केली आणि तारीख घातली. तो अल्ट्रासाउंड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्यांचे अहवाल तपासतो. तिथे तपासणाऱ्याची सही असल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ही सवय त्यानं घरीही आणली होती. त्याची बायको अस्मिता किराण्याची यादीसुद्धा त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "साहेब, सही?"

या सहीमागे एक करार होता. सप्टेंबरात अंतरा हायस्कूलला जाणार होती. शाळा घरापासून चार मैल, त्यातले तीन नदीकाठच्या सायकलींच्या रस्त्यानं. तिला रोज एकटीनं सायकलवर जायचं होतं. यशोधन दोन वर्षं "बघू" म्हणत होता. पाचवीपासून तो तिला पोहायला, व्हायोलिनला, मैत्रिणीच्या घरी गाडीनं सोडत आला होता आणि ती आत जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबत होता. शेवटी मार्चमध्ये त्यानं अट सांगितली. जूनमध्ये दोघांनी हवाईच्या मोठ्या बेटावर चार दिवस सायकलनं फिरायचं. बेत अंतरानं आखायचा. अस्मिता भाड्याची गाडी घेऊन बेटावरच असेल, पण तिला एकदाही बोलवावं लागलं नाही, तर सप्टेंबरपासून सायकल. बोलवावं लागलं, तर पुढची चार वर्षं बाबाची गाडी.

"आणि मी कुणाच्या पार्टीत आहे?" अस्मितानं विचारलं होतं.

"तू बीचवर आहेस," अंतरा म्हणाली.

मंगळवारी सकाळी सहा वाजून चौतीस मिनिटांनी ते हिलोहून निघाले. यशोधनच्या सायकलला चार पिशव्या लटकत होत्या. तंबू, स्टोव्ह, दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाना-पकड, सगळं मिळून बावीस किलो. अंतराच्या सायकलला दोन पिशव्या, त्यात तिचे कपडे. तिनं तंबू मागितला होता, यशोधननं दिला नव्हता.

"वजन माझ्याकडे. तू फक्त पाय मार."

"बाबा, तू गॅरेजमधल्या उभ्या सायकलवर प्रॅक्टिस केलीयस. ती कुठे जात नाही."

"म्हणूनच पडलो नाही."

रस्ता महामार्गाचाच होता, पण कडेला रुंद पट्टा होता आणि सकाळी रहदारी तुरळक होती. पहिले सात मैल हिरवे आणि सोपे गेले. रस्ता जवळजवळ सपाट वाटत होता, पण पाय सैल सोडला की सायकल लगेच मंदावायची. डोंगर कुठेच दिसत नव्हता. ते ज्या ज्वालामुखीवर चढत होते, तो पुस्तकातल्या चित्रासारखा सुळका असेल अशी अंतराची कल्पना होती. इथे सगळी जमीनच एका बाजूनं हळूहळू वर उचलल्यासारखी होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी, चौदाव्या मैलाच्या पाटीपाशी, यशोधन थांबला.

"चला. जेवण."

"एवढ्यात? जेवण बावीसवर आहे."

"मग? झाले की बावीस." त्यानं हॅंडलवरच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. "साडेबावीस."

अंतरानं आपल्या पडद्याकडे पाहिलं. "माझे चौदा झालेत."

"तुझे मैल असतील गं. माझे किलोमीटर आहेत." एवढं बोलून त्यानं दशम्यांचा डबा उघडला. यशोधन नागपूरला शिकला, पुढे प्रयोगशाळांत राहिला. सोळा वर्षं अमेरिकेत काढूनही त्याचं सगळं मोजमाप किलोमीटर, मीटर आणि सेल्सिअसमध्ये चालायचं. त्याच्या लॅपटॉपवरचा नकाशाही त्याच मापात होता.

अंतरानं बेत त्याच लॅपटॉपवर आखला होता.

तिनं दशमी हातात घेतली आणि पडद्यावरचं एक बटण दाबलं. समुद्रसपाटीपासून उंची: १,४८० फूट. कागदावर आख्ख्या दिवसाचा चढ बाराशे लिहिला होता, आणि गाव अजून नजरेच्या टप्प्यातही नव्हतं. तिला गणित करायला फार वेळ लागला नाही. बाराशे मीटर म्हणजे साधारण एकोणचाळीसशे फूट. बॉथेलच्या आसपास तिनं एका दिवसात चढलेला सगळ्यात मोठा चढ अकराशे फुटांचा होता, तोही पिशव्यांशिवाय.

"चटणी देऊ?" यशोधननं विचारलं.

"नको."

"बरं वाटतंय ना?"

"आय ॲम फाइन."

पुढचे सहा मैल ती बोलली नाही. बेत तिचा होता आणि चूकही तिचीच होती. बाबानं एप्रिलपासून पायांचे व्यायाम का चालवले होते, हे तिला आत्ता कळलं. त्याला बाराशे मीटर माहीत होते. ती मात्र पंचेचाळीस मैलांसाठी सपाट रस्त्यावर लांब लांब फेऱ्या मारत बसली होती. हे सांगितलं की तो म्हणणार, ज्या मुलीला आकडा वाचता येत नाही तिला मी चार चौक ओलांडून एकटीला कसं पाठवू? म्हणून ती न बोलता जोरात चालवू लागली, चूक घाम गाळून भरून निघेल अशा हिशेबानं. एकोणिसाव्या मैलावर तिच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि त्याच वेळी पाऊस आला. वाऱ्याशिवाय सरळ खाली पडणारा, दाट पाऊस.

विसाव्या मैलाजवळ पत्र्याची पडवी असलेलं जुनं दुकान होतं. बारा वाजून चाळीस मिनिटांनी दोघं पडवीत शिरले. दुकानात पांढऱ्या केसांची बाई काउंटरमागे रेडिओ ऐकत होती. दोघांकडे बघून तिनं काही न विचारता उकडलेल्या शेंगांची गरम पिशवी पुढे सरकवली.

"सालासकट उकडलेल्या!" यशोधन उडालाच. "अंतरा, हे बघ. हे लोक आपलेच आहेत."

"थँक यू, ऑंटी," अंतरा म्हणाली. बेटावर वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात हे तिनं दोन दिवसांत टिपलं होतं.

बाकावर बसून यशोधननं सहा शेंगा संपवल्या तरी अंतरानं पहिलीच हातात धरलेली होती.

"बाबा. मी प्लॅनमध्ये मोठी चूक केलीय."

"हं?"

"तुझ्या लॅपटॉपवर सगळं मीटर-किलोमीटरमध्ये होतं. मी ते मैल आणि फूट समजून लिहिलं. मला वाटलं, पंचेचाळीस मैल आणि बाराशे फूट. ॲक्चुअली हा चढ मी विचार केला त्याच्या तिप्पट आहे. मला चौदाव्या मैलालाच कळलं आणि मी सांगितलं नाही." ती एका दमात बोलली. "आता तू आईला बोलव. मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण बोलव."

यशोधननं शेंग खाली ठेवली. खिशातून कागद काढला, पावसाकडे पाठ करून उलगडला. पंचेचाळीस. बाराशे. मैल नाही, किलोमीटर नाही, फूट नाही, मीटर नाही. आणि खाली त्याची ठसठशीत सही.

मागच्याच आठवड्यात एका तरुण इंजिनिअरचा अहवाल त्यानं परत पाठवला होता, कारण तक्त्यातल्या एका रकान्यावर एकक लिहिलेलं नव्हतं. सोबत त्यानं चार ओळींचा उपदेशही पाठवला होता.

तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज आला. दुकानातल्या बाईनं रेडिओ बारीक केला.

"इट्स नॉट फनी, बाबा!"

"फनी आहे गं. तू चुकलीस, ठीक. पण मी हे पास केलं. दोनदा वाचून. ऑफिसात कळलं तर मला कॉफी मशीनवर ड्यूटी लावतील."

"म्हणजे तुला राग नाही आला?"

"आला. सहा मैल गप्प बसलीस त्याचा. तेवढ्यात तू चक्कर येऊन पडली असतीस तर मला कारणसुद्धा कळलं नसतं." हे त्यानं हसू पूर्ण थांबवून सांगितलं. मग म्हणाला, "आता पुढचं बघ. चढ वाढला. आणि अंतर?"

अंतरा थांबली. तिनं चढाचाच विचार केला होता. तिच्या समजुतीप्रमाणे अजून पंचवीस मैल उरले होते. पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे अठ्ठावीस मैल. वीस झाले.

"आठ," ती म्हणाली. "फक्त आठ राहिलेत?"

"आठ."

तिनं शेंग फोडली. तोंडात टाकली. मग तिचा चेहरा पुन्हा पडला. "पण मग टोटल एकशे चौऱ्याण्णव मैल नाहीच. एकशेवीस आहे. मी सगळ्या मैत्रिणींना एकशे चौऱ्याण्णव सांगितलंय! रुचाला पण!"

"किलोमीटर होते म्हणून सांग."

"दॅट इज सो लेम."

त्यांनी उरलेले तिन्ही दिवस दुकानातल्या कागदी पिशवीवर नव्यानं मांडले. या वेळी अंतरानं प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं आणि यशोधननं प्रत्येक आकडा फोनवर ताडून पाहिला. पाऊस दोन वाजता थांबला. सव्वादोनला ते निघाले, आणि आता ती मुद्दाम सावकाश चालवत होती.

अडचण यशोधनच्या बाजूनं आली. तीन वाजून बावन्न मिनिटांनी त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला. तो सायकलवरून उतरला, पाय ताणला, पुन्हा बसला, पन्नास फूट गेला आणि पुन्हा उतरला. तिसऱ्या खेपेला डाव्या पोटरीनंही साथ दिली. तो रस्त्याकडेच्या नेच्यांत बसकण मारून ओरडला, "आई गं!"

"पाणी किती प्यायलास?"

"एक बाटली."

"सकाळपासून? बाबा!"

गाव अजून अडीच मैल होतं. त्यांनी घेतलेल्या लाकडी खोलीचं ऑफिस पाचला बंद होत होतं. यशोधननं फोन लावला, तर ध्वनिमुद्रित आवाजानं सांगितलं की पाचपर्यंत कुणी आलं नाही तर खोली दुसऱ्याला दिली जाईल. फोनवर रेंजची एकच काडी होती, तीही येत-जात होती. अस्मिता गाडीनं चाळीस मिनिटांत पोचली असती.

दोघांनाही हे गणित एकाच वेळी सुटलं.

"तुझ्या पायामुळे आईला बोलवलं," अंतरा म्हणाली, "तर ते माझ्या नावावर का?"

"करारात कुणाचा पाय ते लिहिलेलं नाही."

"मग मी पुढे जाते. चावी घेते. तू चालत ये."

यशोधननं रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना उंच नेचे आणि वाकडीतिकडी झाडं, मध्ये चकचकीत ओला डांबरी रस्ता, आणि पुढे वळण. एक मालवाहू ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्यानं नेचे लवले.

"गावात वळायचं कुठे?"

"उजवीकडे, जुन्या रस्त्याला. मग अर्धा मैल. ऑफिस डावीकडे. मॅप सेव्ह केलाय."

"दिवा?"

तिनं मागचा लाल दिवा लावून दाखवला.

"महामार्ग ओलांडायचाय?"

"नाही. गाव आपल्याच बाजूला आहे."

तो आणखी काहीतरी विचारणार होता. घड्याळात चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

"तंबू दे माझ्याकडे," अंतरा म्हणाली. "तुला ढकलायला हलकं होईल."

यशोधननं पट्टा सोडला आणि तंबू तिच्या सायकलवर बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"जा."

ती गेली. लाल दिवा वळणापर्यंत दिसत राहिला आणि मग दिसेनासा झाला. यशोधन सायकल ढकलत चालू लागला. पहिल्या मैलात त्यानं फोन अकरा वेळा काढला. रेंज नव्हती. दुसऱ्या मैलात फोन काढायचं सोडून तो एक आख्खी बाटली पाणी प्यायला. पोटऱ्या सैल झाल्या तेव्हा तो सायकलवर बसला आणि सगळ्यात हलक्या गिअरवर, माणसाच्या चालीनं, गावात शिरला. हवेत आता गंधकाचा बारीक वास होता.

पाच वाजून चोवीस मिनिटांनी त्याला ऑफिस सापडलं. दाराला कुलूप होतं. अंतरा पायरीवर बसली होती. अंगात कोरडा टी-शर्ट, हातात चावी.

"फोर फॉर्टी-वन," ती म्हणाली. "तो माणूस विचारत होता, पेरेंट कुठे आहे. मी म्हटलं, पेरेंट इज वॉकिंग."

यशोधन तिच्या शेजारी धपकन बसला. मग म्हणाला, "पाऊस असेल त्या दिवशी मी सोडीन."

"कुठे?"

"शाळेत."

अंतरानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "पण अजून तीन दिवस राहिलेत."

"ते राहू देत. ते आपण मजेत करू. सप्टेंबरचं ठरलं."

"बाबा, आपण सिएटलजवळ राहतो, तिथे सतत पाऊस असतो. पावसात सोडलंस तर मी डायरेक्ट जूनमध्ये सायकल काढणार."

"बरं. बर्फ असेल त्या दिवशी."

"बर्फात शाळाच बंद असते."

"मग काय, मी कधीच सोडायचं नाही?"

तिला या प्रश्नाचा सूर वेगळा वाटला असावा. तिनं थोडा विचार केला. "व्हायोलिनला सोड. ते जड असतं."

"डील."

तेवढ्यात फोनवर एक काडी आली आणि लगेच अस्मिताचा फोन वाजला. दोन तास तिला कुणाचाच पत्ता नव्हता, हे तिच्या "हॅलो"वरूनच कळत होतं. यशोधननं फोन अंतराकडे दिला.

"कुठे आहात तुम्ही दोघं?" अस्मिता म्हणाली. "पोचलात का?"

"मी कधीच पोचले," अंतरा म्हणाली. "बाबा आत्ता येतोय."