पाडव्याला पोचवलेला पांगुळगाडा

मित्रांनो, माझं पुढचं चाक कुरकुरतं. चार थेंब तेल टाकलं तर ते गप्प होईल, पण कोणी टाकत नाही. का टाकत नाही, तेच सांगायला मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

मी लाकडाचा पांगुळगाडा. तीन चाकं, त्यांवर दोन दांडे आणि दांड्यांना जोडणारी आडवी मूठ, एवढाच माझा देह. रांगणारं लेकरू ही मूठ धरून उभं राहतं, मला ढकलतं, आणि ढकलता ढकलता त्याच्या पायांना चालण्याची गोडी लागते. दारव्ह्याच्या भीमराज मिस्त्रींनी मला घडवलं. ते तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी बैल करीत. एका वर्षी बैल करून जो साग उरला, त्यातून मी झालो. म्हणून मी स्वतःला त्या बैलांचा भाऊ समजतो. फरक इतकाच की बैलांना दोरी बांधून पोरं पुढून ओढतात, आणि मला मागून ढकलतात.

मला करवून घेतलं बबनरावांनी, त्यांच्या कपिलसाठी. कपिल माझ्यामागे चालायला शिकला आणि मग मी आमच्या गल्लीचा झालो. गल्लीत माझ्यासाठी एक रीत होती. गाडा कोणी मागून न्यायचा नाही. ज्या घरी आहे, तिथलं लेकरू आपण होऊन मूठ सोडून अंगण ओलांडून गेलं, की त्याच्या आईनं मला हळदकुंकू लावायचं आणि पुढच्या घरी स्वतः पोचवायचं. एखादं लेकरू पंधरवड्यात सोडी, एखादं होळीपर्यंत घट्ट धरून राही. कोणी काही म्हणत नसे. बाया मला कौतुकाने ‘गल्लीचा मामा’ म्हणत.

पुढे गाणी वाजवणारे प्लास्टिकचे वॉकर आले. माझी रवानगी बबनरावांच्या माळ्यावर झाली, गंजलेल्या कूलरच्या टपामागे. कितीतरी उन्हाळे मी तिथे काढले. धूळ बसली, एका चाकाला वाळवी लागली. खालून लेकरांचा आवाज आला की माझी मूठ उगाच शिवशिवायची. मित्रांनो, मोडण्यापेक्षा विसरलं जाणं जास्त लागतं.

मला खाली काढलं ते कपिलनेच, आणि त्या दिवशी त्याला दुसरं काही काम नव्हतं म्हणून.

कपिल एका सूतगिरणीत फिटर होता. यवतमाळची सलोनी त्याची बायको, बी.एस्सी. झालेली, शांत दिसणारी, पण आतून सतत जागी. गॅसचं बटण बंद करून पुन्हा बघायची. खुशी, त्यांची लेक, झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. खुशी वर्षाची झाली तरी उभीसुद्धा राहीना, तेव्हा तिने मोबाईलवर वाचून वाचून डोळे लाल केले होते. डॉक्टर म्हणाले, पोरगी धडधाकट आहे, तिचा वेळ घेईल. सलोनीने ते ऐकलं, पण तिचं मन मात्र ऐकेना.

पोळ्याच्या आठवड्यात गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. कपिलच्या पगारातून विमा कापला जाई, त्यामुळे काम सुटल्यावर सरकारकडून अर्ध्या पगाराएवढा भत्ता मिळणार होता. पण दिवाळीपर्यंतच. मग काम मिळो न मिळो.

कपिलने माझं वाळवी लागलेलं चाक काढून बाभळीचं नवं बसवलं. तेलाची बुधली हातात घेऊन तो म्हणाला, "पुढचं कुरकुरून राह्यलं. टाकू का थेंबभर?"

"नको," सलोनी म्हणाली. "कुरकुरू द्या. मी चुलीपाशी असली की समजंल तरी, पोरगी कुठं आहे ते."

खुशीने मूठ धरली, आणि मी इतक्या वर्षांनी पुन्हा चाललो.

त्या घरात रोज सकाळी चहाबरोबर एकच विषय निघे. बबनराव खाटेवर बसून बशीत चहा ओतत म्हणत, "मुदत लावली तेच बरं केलं सरकारनं. नाही तं माणूस भत्ता खाऊन पडून राह्यते. आमच्या वक्ती होता काय भत्ता?"

"तुमच्या वक्ती तुमचा बाप होता," त्यांच्या पत्नी कोकिळाबाई आतून म्हणत. "लग्न झाल्यावर दोन वर्सं पानठेल्यावर बसत होते तुम्ही. त्यायनं लावली होती काय मुदत?"

"तू भाकर पाह्य तुही!"

सलोनी हसे. पण हसताना तिचा हात माझ्या मुठीवर असला, की तो किती थंड आहे ते मला कळे. कपिल रोज इस्त्रीचा शर्ट घालून जीपस्टँडवर जाई. नेर, दिग्रस, यवतमाळ. संध्याकाळी परते तेव्हा सलोनी आधी त्याच्या चपलांकडे बघे. काम मिळालेला माणूस चपला नीट काढून ठेवेल, असं तिने मनाशी धरलं होतं. चपला रोज उलट्यापालट्या पडत.

एकच दार किलकिलं होतं. शहराबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मालकाने सांगितलं होतं, "कापूस आला का ये. मशिना चालवून दाखव. हात चांगला असला तं वर्सभर ठेवतो." पण यंदा पाऊस लांबला. बोंडं झाडावरच काळवंडत होती, कापूस येण्याचं नाव नव्हतं. भत्ता दिवाळीला संपणार, आणि कापूस दिवाळीनंतर केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नाही. दुसरीकडे हिरासिंग नावाचा ठेकेदार माणसं गोळा करत होता. पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत, एका खोलीत आठ जण, सुट्टी नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याची गाडी निघणार होती.

"तिकडे गेले की वर्षभर येत नाहीत बाप्पा," सलोनी खुशीला भरवता भरवता पुटपुटे. "तू चालशील तेव्हा बघायला कोण असंल?"

मी खुशीसमोर उभा असे. मीच तेवढा ऐकत होतो.

आता बबनरावांची चूक सांगतो. वाईट मनाने केलेली नव्हे, म्हणूनच ती जास्त बोचते. आमच्या घराला लागून मितालीचं घर. मधली भिंत एकच. तिचा सलील तेव्हा जेमतेम बसायला लागला होता. एकदा ती सहज म्हणाली, "वहिनी, खुशीचं झालं की गाडा आमच्याकडे हं." बबनरावांनी ते ऐकलं आणि जाहीर करून टाकलं, "दिवाळीच्या पाडव्याले गाडा तुमच्या घरी. लिवून ठेव."

"काका, घाई नाही हो," मिताली म्हणाली.

"घाई नाही कशी? तारीख लावली का पोट्टी आपोआप चालते," बबनराव म्हणाले, आणि कपिलकडे बघत त्यांनी जोडलं, "पोट्टंही."

कपिल उठून बाहेर गेला. सलोनीने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. गल्लीची रीत तिला माहीत होती. पण सासऱ्यांना कोण सांगणार?

पाडव्याच्या सकाळी ओवाळणं झालं, आणि बबनरावांनी मला काखोटीला मारलं. हळद नाही, कुंकू नाही. इतक्या घरांत मी फिरलो, पण लेकराच्या हातातून सुटण्याआधी मला कोणी कधी उचललं नव्हतं.

मितालीच्या ओसरीवर मी ठेवला गेलो. सलील माझ्याकडे बघून लाळ गाळत एका बाजूला कलंडला.

आणि भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. खुशी जिथे मी उभा असे त्या कोपऱ्याशी रांगत गेली. तिचे तळवे फरशीवर पट्‌पट्‌ वाजले. मग ते थांबले. ती मला शोधत होती. मग प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि धप्‌. आणि ती किंकाळी.

खुर्चीला धरून ती उभी राहू पाहत होती. खुर्ची मागे सरली. हनुवटी फुटली.

त्याच वेळी कपिल दारात आला होता. लेकीला कडेवर घेऊन हळद दाबत असलेल्या सलोनीला तो म्हणाला, "हिरासिंगले हो म्हणून आलो. भत्ता संपला आज. बसून राहणं बरं नाही दिसत."

"तुम्हालाही दिसली ना ती खुर्ची?" सलोनीचा आवाज मला भिंतीतून ओळखूच आला नाही. "जे हाताशी आलं ते धरलं तिनं. तुम्हीही तेच करून राह्यले."

"मंग काय करू? तारीख संपली सलोनी!"

"तारखेला काय कळते? बाबा," ती सासऱ्यांकडे वळली असणार, कारण घर एकदम चिडीचूप झालं, "तारखेला कसं कळंल, कोणाचा पाय किती तयार झाला ते?"

मिताली तोवर मला उचलून त्यांच्या दारात पोचली होती. "काका, हा घ्या. आमच्याचं अजून ढुंगण टेकत नाही धड, गाडा कायले पाहिजे त्याले?"

बबनराव खाटेवर बसले. खुशीच्या हनुवटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पण असे तसे हार मानणारे नव्हते ते. "मंग कवापर्यंत?" ते म्हणाले. "मुदतच नाही? पोट्टी पंधराची होईल तवाबी गाडा ढकलंल काय?"

"नाही बाबा. सोडलाच पाहिजे तिनं. माझं म्हणणं एवढंच का रोज बघायचं. पाय बघायचा, जमीन बघायची. उभीच राहत नसंल तर का राहत नाही ते बघायचं. तारीख लावली का बघायचं काम संपते आपलं, म्हणून बरी वाटते ती."

"आणि पाहणारं कोण?"

"मी. तुम्ही. घर."

कोकिळाबाई आतून म्हणाल्या, "पानठेल्यावर मी रोज पाह्यलं होतं तुमाले. चार येळा पाणी घेऊन गेली, बोलावून आणलं. एक दिवस आपले उठले."

बबनरावांनी बराच वेळ माझं पुढचं चाक बोटाने फिरवलं. कुर्र, कुर्र. मग कपिलकडे न बघता म्हणाले, "फोन लाव हिरासिंगले. नाही म्हण. कापूस येऊ दे. तूर निघेपर्यंत घराचं मी पाहतो." आणि जरा थांबून, "पण सकाळी जीपवर जायचंच. खाटेवर दिसला तं हा गाडा तुलेच देतो ढकलाले."

कपिल हसला की रडला ते मला दिसलं नाही. चपला मात्र त्याने नीट काढल्या होत्या, मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल इथे सगळं छान झालं. तसं होत नाही. खुशी कितीतरी दिवस मला हात लावीना. माझ्याजवळ यायची, मुठीकडे बघायची आणि परत रांगत जायची. एकदा अचानक काढून घेतलेला आधार परत दिला, तरी हात त्यावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. सलोनी मला तिच्या दृष्टीसमोर ठेवायची, ढकलायची नाही. ती स्वतः मात्र दहादा दारात जाऊन आभाळाकडे बघायची. दुकानात उधार मागताना तिचा आवाज बारीक होई. मी चुकले तर? हिरासिंगची गाडी तर गेली. हा प्रश्न ती कोणाला विचारत नसे, पण माझी मूठ पुसताना एकाच जागी फडकं फिरवत राही.

मग कापसाच्या पहिल्या गाड्या आल्या, आणि जिनिंगवाल्याचा फोन आला.

त्या दिवशी सलोनीने भाजीत दोनदा मीठ टाकलं. आम्ही अंगणात होतो. खुशीने सकाळीच पुन्हा माझी मूठ धरली होती, आणि कुर्र कुर्र करत आम्ही तुळशीपर्यंत पोचलो होतो. फाटक वाजलं. कपिल आत आला. केसांत, भुवयांत, खांद्यांवर कापसाची पांढरी लव. खुशीने आपल्या पांढऱ्या झालेल्या बापाकडे बघितलं. तिला ती लव हवी होती. तिने मला ढकललं नाही. तिने मला सोडलं.

कुरकुर थांबली म्हणून सलोनी घाबरून पळत बाहेर आली, हातात उलथणं तसंच. अंगणाच्या मध्यावर मी एकटा उभा, आणि पोरगी डुलत डुलत बापाच्या पँटीला जाऊन भिडलेली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बबनराव खाटेवरून उठून नुसते उभे राहिले.

"काय म्हणाले?" सलोनीने विचारलं.

"हंगामभर तं ठेवलं. वर्सभराचं काम पाहून सांगतो म्हणाले," कपिल म्हणाला.

म्हणजे काळजी संपलेली नव्हती. ती मिटून बसणाऱ्यांतली नाहीच. पण सलोनीच्या हाताचा थंडपणा मला त्या दिवशी जाणवला नाही.

दुसऱ्या सकाळी सलोनीने माझ्या मुठीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि मला स्वतः उचलून शेजारी नेलं. सलील आता भिंत धरून उभा राहत होता. मितालीने मला ढकलून पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, हे चाक लय वाजते. तेल आणते थांबा."

"तेल टाकू नको," सलोनी म्हणाली. "वाजू दे. वाजून राह्यलं का समजावं, अजून धरलेलं आहे. थांबलं का धावत यावं. सोडलं का पडलं, ते बघायला."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर धूळ बसू देऊ नका, वाळवी लागली तर चाक बदला. आणि कोणाच्या हातातून मूठ काढून घ्यावीशी वाटली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाण्याआधी खाली वाका आणि त्याचे पाय बघा. सलील आता दांडा धरतो आहे. पलीकडे, भिंतीमागे, सलोनी कान देऊन उभी आहे, मला माहीत आहे.

कुर्र.